संघनायिका कोण आहे?

१९८६ सालच्या नोव्हेंबरमध्ये, भोरच्या रामबागेतल्या गाईडच्या, म्हणजे मुलींच्या स्काऊट पथकाच्या, शिबिरात, एका रात्री अवेळी पाऊस आला आणि आमच्या तंबूत पाणी शिरले. तंबू उभारला की त्याच्याभोवती चर खणायचा, म्हणजे कापडावरून ओघळणारे पाणी आत न येता उताराकडे निघून जाते, हे आम्हांला शिकवलेले होते. तो चर खणायचा की नाही हे ठरवण्याचे काम माझे होते, कारण आठ मुलींच्या त्या जाई संघाची संघनायिका मी होते. आकाश निरभ्र होते, मुली दमल्या होत्या, फावडे दुसऱ्या संघाकडे होते. मी म्हटले, उद्या पाहू. मध्यरात्री सतरंज्या भिजल्या, सर्वांत लहान मुलगी रडू लागली आणि मी कंदील घेऊन धावत पथकाच्या शिक्षिकेच्या, आमच्या बाईंच्या, तंबूपाशी गेले.

"बाई, आमच्या तंबूत पाणी आलंय."

"संघनायिका कोण आहे?" त्यांनी विचारले.

"मीच, बाई."

"मग मुलींना कोरड्या जागी ने. नेल्यास की मला येऊन सांग."

मला त्यांचा फार राग आला. पण रागावायलाही वेळ नव्हता. स्वयंपाकाच्या शेडचा पत्रा शाबूत होता, तिथे मी सगळ्यांना नेले, उरलेली चार कोरडी पांघरुणे दोघींत एक अशी वाटली, चुलीतला निखारा राखेखाली अजून धुगधुगत होता तो फुंकून जागा केला, आणि परत सांगायला गेले तेव्हा बाई तंबूबाहेर डोक्यावर घोंगडी घेऊन उभ्या होत्या. म्हणजे तो सारा वेळ त्या आमच्याकडे पाहत होत्या आणि तरीही मध्ये आल्या नव्हत्या. असे मध्ये न येणे किती कठीण असते, हे मला पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर समजले.

हे सगळे पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे यंदा जूनमध्ये भाचीच्या शाळेतून आलेला एक अर्ज. पाचवीपासून स्काऊट-गाईड, पुढच्या वर्गांत रस्ता सुरक्षा पथक किंवा एनसीसी, यांपैकी काय हवे त्यावर खूण करायची होती. बहिणीने फोनवर विचारले, "गाईडमध्ये नेमकं काय करतात गं?" मी म्हटले, "आठ मुलींचा एक संघ असतो, त्यांच्यातलीच एक त्याची नायिका असते." "म्हणजे ग्रुप ॲक्टिव्हिटी," ती म्हणाली. मला हो म्हणता येईना आणि का नाही तेही फोनवर सांगता येईना.

संघ ही या चळवळीची सोय नव्हे, तो तिचा गाभा आहे, आणि त्याची सुरुवात एका अर्थी आपल्याकडे झाली. रॉबर्ट बेडन पॉवेल हे ब्रिटिश घोडदळाचे अधिकारी १८९७ ते १८९९ या काळात मेरठला एका पलटणीचे प्रमुख होते. टेहळणी करणाऱ्या शिपायांना मोठ्या रांगेत उभे करून शिकवता येत नाही, कारण टेहळ्याला एकट्याने पाहायचे आणि एकट्याने ठरवायचे असते. म्हणून त्यांनी शिपायांच्या लहान लहान तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीची जबाबदारी तिच्यातल्याच एकावर टाकली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाचा वेढ्यात बचाव केल्याने ते इंग्लंडमध्ये लोकनायक झाले, आणि १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसएक मुलांचे शिबिर घेतले, तेव्हा हाच प्रयोग मुलांवर केला. श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले आणि कामगारांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली, त्यांचे चार संघ पाडले, लांडगा, बैल, डोमकावळा अशी नावे त्यांना दिली आणि प्रत्येक संघाला आपापला नायक दिला. बेडन पॉवेल हे साम्राज्याचे सेवक होते, आफ्रिकेतल्या युद्धांत त्यांनी जे केले ते सारेच गौरवाने सांगण्याजोगे नाही, आणि आपल्या मुलांना त्यांची गोष्ट सांगताना हा भाग वगळू नये असे माझे मत आहे. पण तेरा वर्षांच्या मुलावर खरा विश्वास टाकता येतो, हे त्यांनी ओळखले होते, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मुलींचा भाग निराळा आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मेळावा भरला, तिथे काही मुली न बोलावता हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. त्यांच्यासाठी १९१० साली स्वतंत्र संघटना निघाली, तिची धुरा बेडन पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी घेतली आणि नाव ठेवले गाईड. हे नाव हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीवरून घेतले होते. खाकी कपडा सैन्यात आणला तोही याच पलटणीने. आमच्या निळ्या गणवेशावरच्या बिल्ल्याचे नाव पेशावरकडून लंडनमार्गे सदाशिव पेठेत आले होते, हे बाईंनी आम्हांला नकाशा काढून दाखवले होते, आणि भूगोलाच्या तासाला जे कधी झाले नाही ते त्या दिवशी झाले: तो नकाशा मला आपला वाटला.

भारतात पहिले स्काऊट पथक १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूरला काढले. त्यापाठोपाठ १९१० आणि १९११ मध्ये जी पथके लंडनला नोंदवली गेली, त्यांत सिमला, मद्रास, जबलपूर आणि लोणावळा यांच्याबरोबर आपली खडकी होती. गाईडची पहिली कंपनीही १९११ साली जबलपूरला सुरू झाली. पथकासाठी खडकीच का, हे पुणेकराला सांगावे लागत नाही. १८१७ ची लढाई झाली ती जागा, पुढे दारूगोळ्याचा कारखाना, सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, छावणी. गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची मुले तिथे होती, आणि ही पथके फक्त त्यांच्यासाठी होती. खडकीहून नदी ओलांडून शनिवारवाड्यापर्यंत यायला टांग्याने तासभरही लागला नसता. पण त्या वर्षांत टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि पेठेतल्या मुलाला तालीम होती, मल्लखांब होता, गणपतीचे मेळे होते. खडकीच्या मैदानावर गाठी मारायला शिकणाऱ्या मुलांत त्याला जागा नव्हती.

या चळवळीला भारतीय करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांतल्या एका मोठ्या माणसाचे नाते पुण्याशी जोडलेले आहे आणि पुण्यात ते फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. आयुष्य देशाच्या कामाला वाहून घेणारी माणसे तयार करायची हा त्याचा हेतू होता, आणि येणाऱ्या प्रत्येक सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. अलाहाबादचे पंडित हृदयनाथ कुंझरू हे तरुणपणीच या समाजाचे सभासद झाले, १९३६ पासून १९७८ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. ज्या काळात स्काऊटिंगची दारे भारतीय मुलांना बंद होती, त्या काळात पंडित मदन मोहन मालवीय, श्रीराम बाजपेयी आणि कुंझरू यांनी अलाहाबादला सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. मद्रासमध्ये ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने दुसरी काढली. बेझंट यांची संघटना पुढे बेडन पॉवेल यांच्या संघटनेत विलीन झाली. सेवा समितीची झाली नाही.

न होण्याचे कारण वचनातल्या एका शब्दात होते. स्काऊट होताना जे वचन घ्यायचे, त्यात ईश्वराबरोबर राजाप्रति कर्तव्य होते. बेडन पॉवेल १९२१ साली आणि पुन्हा १९३७ साली भारतात आले, दोन्ही वेळा साऱ्या संघटना एक करण्याचे प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा मुख्यतः याच शब्दावर ते अडले. ज्याला उद्या देश चालवायचा आहे त्या मुलाकडून परक्या राजाच्या निष्ठेचे वचन कसे घ्यायचे? ज्या संस्थेत वचनाला इतका मान आहे, तिथे ते खोटेपणाने घेता येत नव्हते, आणि म्हणून तीस वर्षे ही माणसे अडून बसली. मला त्यांचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो.

आमच्या घरात या दोन्ही वचनांच्या खुणा होत्या. थोरले काका चाळीसच्या सुमारास शाळेच्या पथकात गेले, त्यांच्या वचनात राजा होता, आणि बेचाळीसच्या ऑगस्टनंतर आजोबांनी त्यांचा स्कार्फ घडी घालून ट्रंकेत ठेवला तो पुन्हा बाहेर काढू दिला नाही. वडील काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान. ७ नोव्हेंबर १९५० रोजी संघटना एकत्र होऊन भारत स्काऊट्स झाली, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडची संघटनाही तीत आली, आणि त्याच सुमारास वडिलांनी वचन घेतले ते ईश्वर आणि देश यांचे. ईश्वर हा शब्द ज्याला नको असेल त्याला त्याजागी धर्म म्हणता येते, ही मुभाही आहे. कुंझरू या नव्या संघटनेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. १९४६ साली नेमलेल्या ज्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ साली एनसीसी उभी राहिली, तिचेही अध्यक्ष तेच होते. भाचीच्या अर्जावरच्या तीन चौकटींपैकी दोन चौकटींमागे भारत सेवक समाजाचा हा एकच सभासद उभा आहे.

वडील स्काऊट हा शब्द क्वचितच वापरीत, ते बालवीर म्हणत. मुलांसाठी बालवीर आणि मुलींसाठी वीरबाला हे शब्द तेव्हाच्या मराठीत चांगले रुळलेले होते. आता ते विश्वकोशात आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरले आहेत. शब्द गेले याची मला हळहळ वाटते, पण वीर या शब्दापेक्षा संघ, पथक, वचन, सेवा हे साधे शब्द टिकले, याचे समाधान अधिक आहे.

या संघटनेची आजची रचना थोडक्यात अशी. पाच ते दहा वर्षांचे मुलगे कब आणि मुली बुलबुल. दहापासून सतरापर्यंत स्काऊट आणि गाईड. त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. सहा ते आठ जणांचा संघ, काही संघांचे मिळून एक पथक, मुलींमध्ये त्याला कंपनी म्हणतात. मुलांच्या संघांना पशुपक्ष्यांची नावे आणि मुलींच्या संघांना फुलांची. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. जिल्ह्याला जिल्हा संघटना, राज्याचे मुख्यालय मुंबईत, देशाचे दिल्लीत, राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला. शिक्षकाला आधी स्वतः शिबिरात जाऊन तंबूत राहावे लागते, हिमालय वुड बॅज या वरच्या प्रशिक्षणापर्यंत पोचलेल्या शिक्षकाच्या गळ्यात दोन लाकडी मणी असतात, आणि आमच्या बाईंच्या गळ्यात ते मणी मंगळसूत्राच्या शेजारी असत.

या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे पथक बहुधा शाळेला जोडलेले असते. इंग्लंडमध्ये ते वस्तीचे असते, कुणीही प्रौढ माणूस आपली संध्याकाळ देऊन ते चालवतो. आपण शाळा धरली म्हणूनच ही चळवळ वेल्हे-भोरच्या जिल्हा परिषद शाळेपर्यंत पोचली, जिथे पालकाला वेगळी फी भरणे कधी जमले नसते. हा लाभ लहान नाही. पण शाळेबरोबर तास आला, हजेरी आली, शिक्षकाचा अधिकार आला. ज्या शिक्षिकेने सकाळभर वर्ग शांत ठेवला, तिनेच दुपारी मैदानावर आपला अधिकार एका तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती द्यायचा आणि स्वतः बाजूला उभे राहायचे, अशी अपेक्षा आहे. फार थोड्यांना ते साधते. बहुतेक ठिकाणी संघनायक हा वर्गाचा मॉनिटर होतो, रांग सरळ करतो आणि शिटीकडे पाहतो.

काही गोष्टी मात्र शाळेच्या चौकटीतही जिवंत राहिल्या, आणि त्यांत खरी कमाई ही मला सर्वांत प्रिय आहे. हे नावच किती नेमके आहे. मुलांनी आपल्या कष्टाने चार पैसे मिळवायचे आणि त्यांचा हिशेब द्यायचा. आमच्या संघाने भेळेची गाडी लावली होती. चुरमुरे मंडईतून आणले, चिंच भिजत घालायला उशीर झाला म्हणून पहिल्या तासाची चटणी पातळ झाली, आणि संध्याकाळी डब्यातली नाणी चार वेळा मोजूनही हिशेबात सव्वातीन रुपये कमी येत होते. बाईंनी ते आपल्या पिशवीतून भरून दिले नाहीत. आम्ही आठ जणी सतरंजीवर बसून दिवसभरातली एकेक प्लेट आठवत गेलो, आणि शेवटी निघाले ते असे की आमच्यापैकीच एकीने शाळेच्या शिपाईकाकांना आणि त्यांच्या नातवंडांना पैसे न घेता भेळ दिली होती. वहीत तशी नोंद झाली. ती मुलगी आज बँकेत अधिकारी आहे, भेटली की अजून त्या सव्वातीन रुपयांची आठवण काढते.

सेवेचे काम पुण्यात आषाढी वारीबरोबर आपोआप येते. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून, दोन्ही पुण्यात मुक्कामाला येतात आणि शहर दोन दिवस वारकऱ्यांचे होते. भवानी पेठेत आमच्या कंपनीचे पाण्याचे काम असे. पिंप भरणे, पेले विसळणे, चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची दिंडी शोधून देणे. दिंडीचा क्रमांक विचारायचा, रथाच्या पुढची की मागची ते विचारायचे आणि माणसाला हाताशी धरून तिथवर न्यायचे. सेवा समितीची मुले प्रयागच्या मेळ्यांत यात्रेकरूंसाठी हेच काम करीत, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले आणि फार आनंद झाला. खडकीच्या मैदानाशी आमचा संबंध गणवेशापुरता होता. खरा संबंध या गर्दीशी होता.

त्याच आळंदी रस्त्यावर गाईडच्या जागतिक संघटनेचे एक केंद्र आहे. साऱ्या जगात अशी पाच केंद्रे, स्वित्झर्लंड, मेक्सिको, लंडन आणि आफ्रिका या चौघांबरोबर पाचवे आपले, आशियातले एकमेव. नाव संगम. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुण्यात रिक्षावाल्याला नुसते संगम म्हटले तर तो मुळा-मुठेच्या पुलाकडे वळतो, त्यामुळे तिथे जाताना आळंदी रोड हे आधी सांगावे लागते. मी पहिल्यांदा गेले ती २२ फेब्रुवारीला. बेडन पॉवेल पती-पत्नी दोघांचाही जन्मदिवस हाच, आणि जगभरच्या गाईड हा दिवस एकमेकींच्या आठवणीसाठी पाळतात. तिथे कोणत्या तरी दूरच्या देशाच्या एका मुलीने गाईडच्या रीतीप्रमाणे हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला, मीही डावाच केला, आणि आम्हांला एकमेकींची भाषा येत नसतानाही आम्ही कोण आहोत ते दोघींना कळले. नंतर दोरी निघाली. तिने बोलाइनची गाठ माझ्यापेक्षा लवकर बांधली.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला दुःख होते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत परीक्षक म्हणून मला राज्य पुरस्काराच्या मुलांच्या नोंदवह्या पाहायला बोलावले होते. तीस वह्या होत्या आणि तिसांतही पदभ्रमणाचे वर्णन शब्दाशब्दाने सारखे होते: तीच टेकडी, तोच सूर्योदय, तोच झरा, शेवटी तोच थकवा. बांबूची मांडणी एका पालकाने सुताराकडून करून आणलेली होती, तिच्या गाठींना डिंक लावलेला होता. मी एका मुलाला गाठ सोडून पुन्हा बांधायला सांगितली, तर त्याने माझ्याकडे नव्हे, शिक्षकांकडे पाहिले. दहावीला या पुरस्काराचे सवलतीचे गुण मिळतात, पालकांना ते हवे असतात, शाळेला निकाल हवा असतो, आणि त्या गरीब शिक्षकाकडे पन्नास मुले, तीन तुकड्यांचे गणित आणि निवडणुकीचे काम असते. मी त्याला दोष देऊ शकले नाही. पण त्या मुलाने कधी स्वतःचा तंबू भिजवला नव्हता, आणि तशी संधी त्याला कोणी दिली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

भिजलेल्या रात्रीनंतर सकाळी आमची कोर्ट ऑफ ऑनर बसली. सर्व संघनायिका आणि बाई, एवढ्याच जणींची ही बैठक असते, आणि तिथे झालेले एका वहीत लिहिले जाते. बाई त्या बैठकीत शेवटी बोलत. आदल्या रात्री काय झाले ते मी उभी राहून सांगितले, फावडे मिळाले नाही हेही सांगितले. तेव्हा मोगरा संघाच्या नायिकेने विचारले, "तू मागायला आली होतीस का?" मी आले नव्हते. ती चिडून बोलली नव्हती, तिला खरेच माहीत करून घ्यायचे होते. मग ठरले की पुढच्या शिबिरांत फावडी दोनच असली तरी सूर्यास्तापूर्वी प्रत्येक संघाने चर पुरा केला की नाही हे दुसऱ्या संघाच्या नायिकेने पाहायचे. हे बाईंनी ठरवले नाही, आम्ही ठरवले.

लिहिणारी मुलगी नववीतली होती, अक्षर मोत्यासारखे. दुपारी मी वही मागून वाचली. तिथे लिहिले होते: "जाई संघाने तंबूभोवती चर खणला नव्हता. रात्री पाऊस आला. संघनायिकेने सर्वांना शेडमध्ये नेले." मला पहिले वाक्य खोडून हवे होते. मी बाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"वही माझी नाही, तुम्हां नायिकांची आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना विचार."

मी इतर तिघी नायिकांना विचारले. त्यांनी वाक्य ठेवले आणि खाली आणखी एक ओळ घातली: "आज चर खणला. लांबी बावीस पावले."